काळ्या दारामागचा हात

त्या बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी अमरावतीला, मुलीच्या घरी, गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त मास्तरला घरात जी दोन-तीन कामं मिळतात, त्यातलं हे एक. फोनवर नाव आलं, 'मजीद मिस्त्री'. मी ते वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. सोमवारीही तसंच केलं होतं. मिस्त्रींचा फोन म्हणजे एकच प्रश्न, हे दोन वर्षांत मला पाठ झालं होतं... "मास्तर, छापून आलं का?" मेथी होऊ दे, तोवर काहीतरी उत्तर सुचेल, मग आपणच लावू, असं मनाशी म्हटलं. फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. मिस्त्री कधी लागोपाठ दोनदा फोन करत नसत. उचलला, तर पलीकडे त्यांचा मुलगा सलीम. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "दुपारी असरच्या नमाजनंतर माती आहे. तुमी येता ना?"

परतवाड्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी फोनमधलं ते नाव पुन्हा पुन्हा बघत होतो. सोमवारचा एक, बुधवारचे दोन. बुधवारचे सलीमचे होते. सोमवारचा मात्र त्यांचा स्वतःचा होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ फोन टाळले आहेत, त्यातल्या कशाचं कधी वाईट वाटलं नाही. या एकाचं वाटतं, आणि हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परतवाड्याला लागून असलेल्या अचलपुरात पुऱ्यांना, म्हणजे मोहल्ल्यांना, तोटा नाही. त्यातला आमचा चढावपुरा अगदी कडेचा. नदीपासून निघून टेकाडावर चढत जाणारी एकच गल्ली, मधेमधे दगडी पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली जुनी दुमजली घरं. मेळघाटातलं सागवान, पक्क्या विटा आणि चुना. घरांना मालकांची नावं नाहीत, दारांची आहेत. हिरव्या दाराचं घर, दोन कड्यांचं घर, आणि अगदी वर, वळणावर, तेल पिऊन पिऊन काळं झालेल्या दाराचं घर. मालक बदलले, धर्म बदलले, भाडेकरू आले-गेले, पण दार तेच म्हणून नावही तेच. इतिहास शिकवायला मी तिवशाहून इथल्या शाळेत बदलून आलो, तेव्हा याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पुढे तेच घर विकत घेतलं. आता ते बंदच असतं. बायको गेल्यापासून मी मुलीकडे राहतो, पण महिन्यातून एकदा कुलूप काढायला जातोच.

त्या खोल्यांपैकी आतलीची भिंत ओल धरायची. रंग दिला की महिन्याभरात पोपडे. शेजाऱ्यांनी सांगितलं, मजीद मिस्त्रीला बोलवा. उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस आला, भिंतीवर उलटा हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. डॉक्टर कपाळावर ठेवतात तसा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "या भितीले सिमेंट कोनं लावलं जी?" मी म्हटलं, घरमालकानं. "मंग त्यालेच आणा तिचे डोळे पुसाले. जुन्या चुन्यावर सिमेंट थापलं, आतलं पानी बाहीर येईन कसं? रडून राहिली बिचारी." मला हसू आलं. त्यांना आलं नाही. तीन दिवस खपून त्यांनी सगळं सिमेंट उपसलं. मग बेलफळाच्या पाण्यात आणि गुळात मुरवलेला चुना चढवला. त्यांच्या बायकोनं, जुबेदाबींनी, नदीतल्या एका गुळगुळीत गोट्यानं दोन दिवस ती भिंत घोटली. घोटायची म्हणजे ओला गिलावा दगडानं दाबून दाबून घासायचा, चेहरा दिसेल इतकी चमक येईपर्यंत. मी पलीकडच्या खोलीत बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. तो दगडाचा आवाज अजून कानात आहे. पण काम झाल्यावर मी कौतुक केलं ते मिस्त्रींचं. त्यांनीही ते घेतलं, आणि दार आतल्या बाजूनं ओढून, दाराआडच्या ओल्या चुन्यात कमरेच्या उंचीवर आपला उजवा पंजा दाबला.

हा चढावपुऱ्याचा रिवाज. भिंत पुरी झाली की दाराआड एक हात उमटवायचा. दार उघडं असलं की तो झाकला जातो, त्यामुळे पाहुण्यांना कधी दिसत नाही. "मालकाचं नाव दारावर, मिस्त्रीचं दाराच्या माघं," असं मिस्त्री म्हणायचे. त्या दिवसापासून मला एक नादच लागला. रविवार आला की आम्ही दोघं गल्ली चढायला लागायचो. एखाद्या घरी चहा व्हायचा आणि मग मिस्त्री घरधन्याला म्हणायचे, "जरा दार लोटू का जी?" दाराआड, चुन्याच्या कित्येक थरांखाली, एखादा बुजत आलेला पंजा निघायचा. बोटांनी चाचपून ते सांगायचे, हा रसूल मिस्त्रीचा, हा परतवाड्याच्या गवंड्याचा. माझ्याजवळ जुनी कागदपत्रं असायची, खरेदीखतं, नकाशे. "तुमी कागद पायता, मी भित पायतो," ते म्हणायचे. "कागद लिवनारा घरात राहेल नसते." वाद व्हायचे. मी तावातावानं सालं सांगायचो, ते शांतपणे भिंतीत नख रुतवून दाखवायचे. बहुतेक वेळा तेच खरे ठरायचे आणि परतीच्या पायऱ्या मी जरा फुगूनच उतरायचो.

काळ्या दाराच्या घरातला पंजा सगळ्यांत सुंदर होता. पाची बोटं सुटी, तळव्याचा खळगासुद्धा उमटलेला. ते घर मिस्त्रींच्या आजोबांनी, इब्राहिम मिस्त्रींनी बांधलेलं. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती, कागदही तेच सांगत होते. मग हात त्यांचाच असणार. पहिल्यांदा मला तो दाखवताना मिस्त्रींनी टोपी सारखी केली होती.

रविवारच्या त्या फेऱ्यांतून मी लेख लिहिले, लेखांचं पुस्तक झालं. मुखपृष्ठावर काळ्या दाराआडचा तो पंजा होता. इब्राहिम मिस्त्रींवरचं प्रकरण लोकांना फार आवडलं. एका वाचकानं तर रडू आल्याचं कळवलं. मी ते पत्र जपून ठेवलं आहे, खोटं कशाला बोलू. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला मिस्त्रींना व्यासपीठावर बसवलं होतं. नवा पांढरा सदरा, डोळ्यांत सुरमा. आजोबांचं नाव माइकवरून घेतलं गेलं तेव्हा त्यांनी खाली मान घातली आणि कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. सलीमनं पुढे आपल्या दुकानाच्या पाटीवर पणजोबांचं, इब्राहिम मिस्त्रींचं नाव रंगवून घेतलं. त्याखाली तो पंजाही काढला.

दोन वर्षांपूर्वी काळ्या दाराच्या घरी लग्न निघालं आणि मालकांनी भिंती साफ करायला मिस्त्रींना बोलावलं. आजोबांच्या हाताला मजूर लावायचा नाही, म्हणून ते स्वतः दाराआड मांडी घालून बसले. दात घासायचा जुना ब्रश आणि पाणी घेऊन चार दिवस एकेक थर काढत राहिले. पाचव्या दिवशी ते मला न कळवता, बसनं, थेट अमरावतीला आले. मुलीनं दार उघडलं. ते आत आले, पाणीही न पिता जेवणाच्या टेबलावर एक कागद पसरला. पंजावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती, लहान मुलं नाण्यावर घासतात तशी. पंजा होता. आणि पंजाच्या खाली, मनगटापाशी, तीन बारीक कमानी होत्या, एकीखाली एक.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"भेगा असतील."

"भेगा अशा गोल रायतात का जी मास्तर? बांगड्या आहेत."

मी चष्मा लावला. बांगड्याच होत्या. मग मिस्त्री खुर्चीत बसले आणि कागदावरच्या पंजाच्या, अंगठ्याशेजारच्या बोटावर बोट टेकवून बोलायला लागले. "माह्या आजाचं हे बोट अर्धं तुटेल होतं. उजव्या हाताचं. मले मालूम होतं. लहानपनी मी त्या बोटाले धरूनच चालो. अन् भितीवरचा हात पुरा आहे. मी मनाले समजावलं, की घर बांधलं तवा बोट साबूत असन... काहून समजावलं? कारन मले तो हात आजाचाच पायजे होता." मग म्हणाले, "घोटाई बायाईचं काम. पयल्यापासून. आखरी हात भितीवर फिरते तो बाईचा. मंग निशानी कोनाची? जिचा हात आखरी, तिची. रिवाज तोच होता मास्तर. माह्या घरात जुबेदा घोटते अन् ठसा मी मारतो. मले वाटे, मिस्त्रीचा हक आहे. मीच उलटा केला तो. अन् मंग माह्यावरून आजाचं ठरवलं."

मी म्हणालो, एका घरावरून असं म्हणता येणार नाही. मास्तरकी कुठे जाते! ते बरं म्हणाले, परत गेले, आणि पुढच्या महिन्याभरात आणखी चार घरांतले पंजे धुतले. त्यातल्या तीन पंजांखाली कमानी निघाल्या. त्या दिवसापासून फोन सुरू झाले. "मास्तर, छापून टाका. नाव मिळालं तं चांगलं, नाही मिळालं तं नाही. पन माह्या आजाचं नाव तिथून काढा. दुसऱ्याच्या हाताखाली त्याले उभं केलं आपन. त्यालेही आवडलं नसतं."

मी म्हणायचो, दुसऱ्या आवृत्तीत बघू. दुसरी आवृत्ती निघायची काही चिन्हं नव्हती, हे मला ठाऊक होतं. दुरुस्तीचं एक टिपण लिहून वर्तमानपत्राला द्यायला दोन तास पुरले असते. पण ते लिहिलं की पुस्तकाचं मुखपृष्ठ चुकीचं, ते लाडकं प्रकरण चुकीचं, आणि तीस वर्षं गल्ली चढून-उतरूनही मास्तरला एवढं दिसलं नाही, हेही छापून येणार. सलीमलाही ते नको होतं. "अब्बाले काय, पाटी मी रंगवली आहे," असं तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला होता, आणि मला त्याचा आधारच वाटला. मी स्वतःशी म्हणायचो, मुलाचं मन कशाला दुखवा. खरं कारण माझंच मन होतं. मिस्त्री आपल्या आजोबांचं नाव स्वतःच्या हातानं खोडायला तयार होते. मला माझं एक प्रकरण खोडवत नव्हतं.

ते माझ्यावर कधी चिडले नाहीत, याचं आता जास्त लागतं. मागच्या पावसाळ्याआधी माझ्या बंद घरातल्या त्याच भिंतीचा, दाराआडचा कोपरा दुरुस्त करायला ते आले, तेव्हा जुबेदाबी बरोबर होत्या. पुन्हा तोच दगड, तोच आवाज. या वेळी मी पलीकडच्या खोलीत गेलो नाही, तिथेच खुर्ची टाकून बसलो. काम संपलं तसं मिस्त्रींनी दार आतून ओढलं आणि बायकोला म्हणाले, "चाल, हात लाव." त्या हसायला लागल्या. "ह्या वयात हे काय काढलं तुमी?" नाही म्हणाल्या, पदर तोंडावर घेतला, मास्तर पाहून राहिले म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, "पाहूच दे त्याईले." शेवटी त्यांनी हात लावला, मिस्त्रींच्या जुन्या पंजाच्या शेजारी, जरासा वर. मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरून हलकेच खाली दाबलं. बांगड्या उमटायला हव्या होत्या. मला तेव्हा ती म्हाताऱ्याची हौस वाटली. आपली चूक ते आपल्यापुरती दुरुस्त करत होते. माझ्याकडून होणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

त्या बुधवारी मी पोचलो तेव्हा गल्लीत माणसं पायऱ्यांवर बसून होती. मला खांदा द्यायला जागा करून दिली. नदीकडच्या कबरस्तानाकडे उतरताना पाहिलं, काळ्या दाराच्या घरातली माणसं खाली येऊन वाटेवर उभी होती, डोक्यावर रुमाल बांधून. सगळं रीतसर झालं. सलीमनं मला मिठी मारली.

चाळिसावा झाल्यावर पुन्हा गेलो. जुबेदाबी इद्दतीत होत्या. पती गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई परपुरुषासमोर येत नाही. सलीमनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं. मधल्या दाराला पडदा होता. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "चहा घेतला का मास्तर?" मी हो म्हटलं. मग म्हणालो, "भाभी, सोमवारी त्यांचा फोन आला होता. मी उचलला नाही. ते छापायचं विचारतील म्हणून." सलीम माझ्याकडे बघत होता. बघू दे, म्हटलं.

पडद्याआड कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"छापाचं इचारासाठी नोता लावला तो फोन," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी ते खाली नदीवर गेलते. तिथं एक म्हातारी राहे, लय जुनी. तिच्या घरच्या बाया घोटाई करत पयले. तिच्यापाशी बसले दोन घंटे. घरी आले तं असे खूस, का सांगू... म्हने, नाव सापडलं जुबेदा. काळ्या दारावालीचं. मी म्हटलं, काय नाव? तं म्हने, थांब. पयले मास्तरले सांगतो."

"मग? तुम्हाला नंतर..."

"नाही जी. तुमी उचलला नाही तं म्हने, मास्तर कामात असतीन. उद्या लावतो. मंगळवारी छातीत दुखत होतं, झोपूनच होते." मग म्हणाल्या, "म्या इचाराले पायजे होतं. पन त्याईची हौस होती ना, तुमाले पयले सांगाची."

मी त्याच पावली नदीवर उतरलो. म्हातारीचं घर सापडलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, बुढी मागच्या आठवड्यातच वारली, लेक अकोल्याहून आली होती, सामान घेऊन गेली. लेकीला मी फोन केला. ती म्हणाली, आईला अशा गोष्टी खूप माहीत होत्या, पण आम्ही कधी बसून ऐकल्या नाहीत. एका नावासाठी आता मी रोज कुणाला ना कुणाला तरी फोन करतो. अजून मिळालेलं नाही.

म्हणून जे माझ्या हातात आहे तेवढं इथे लिहितो. चढावपुऱ्यातल्या काळ्या दाराच्या घरात दाराआड जो हात आहे, तो इब्राहिम मिस्त्रींचा नाही. माझ्या पुस्तकात मी तसं लिहिलं, ते चूक आहे. तो हात त्या घराची भिंत घोटणाऱ्या बाईचा आहे. आणखी तीन घरांतले हात बायकांचेच आहेत. हे मजीद मिस्त्रींनी शोधलं, आपल्या आजोबांचं नाव सोडून देऊन शोधलं, आणि दोन वर्षं मला सांगत राहिले. सलीमला मी हा लेख आधी वाचून दाखवला. तो म्हणाला, छापा. पाटीवरचा पंजा त्यानं अजून तसाच ठेवला आहे, खाली तीन रेघा मात्र रंगवून घेतल्या आहेत. चढावपुऱ्यात किंवा नदीकाठी कुणाच्या पणजीनं घोटाई केली असेल, आणि तिचं नाव घरात कुणाला आठवत असेल, तर मला कळवा. मी फोन उचलेन.

परवा माझं बंद घर उघडलं. आतल्या खोलीत जाऊन दार ओढलं आणि अंधारात डोळे सरावेपर्यंत तिथेच उभा राहिलो. दोन पंजे दिसायला लागले. एक मोठा, जुना, बोटं ताणलेली. शेजारी जरा वर दुसरा, त्याच्याखाली तीन कमानी. जुबेदाबींच्या हातात आता बांगड्या नाहीत, भिंतीत आहेत. खिशातून पेन्सिल काढली. मिस्त्री कानामागे ठेवायचे तसलीच, सलीमनं त्यांची म्हणून दिलेली. आणि त्या कमानींच्या खाली, वळणदार मास्तरी अक्षरात, 'जुबेदाबी' असं लिहिलं. एवढं एक नाव मला माहीत आहे.